पाच जगज्जेत्यांचा रायपुरात सत्कार

२२ जुलै २००२, सोमवार. ऑफिसच्या आधी.
काल फ्रान्सात फॉर्म्युला वनचा निकाल लागला. जर्मन जिंकला. अर्धी शर्यत दिसली, मग चौबे कॉलनीची लाईट गेली. जाणकाराले अर्धी पुरते. सीझन ऑक्टोबरपर्यंत आहे आणि हा माणूस जुलैतच वर्ल्ड चॅम्पियन होऊन मोकळा! आमच्या खात्यात मार्चची फाईल जुलैत हलत नाही.

एक कल्पना सुचली. फॉर्म्युला वनचा जगज्जेता वेगळा, मोटरसायकलचा वेगळा, रॅलीचा वेगळा, अमेरिकेत तर दोन-दोन सिरीज. हे सगळे आपापल्या घरी हार घेतात. एका वर्षाचे सगळे चॅम्पियन एका स्टेजवर आणून, शाल-श्रीफळ देऊन, त्यांचा रीतसर सत्कार कोणी केला काय? मी करीन. रायपुरात. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये.

अनुश्रीले सांगतलं. म्हणते, पापा, वो लोग आएँगे क्यों? पोट्टीले मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत देते.

२४ जुलै.
अध्यक्ष शामरावांना भेटलो. डिसेंबरात मंडळाची निवडणूक आहे. कार्यवाहाची जागा रिकामी होऊन राहिली. इच्छुक दोन, मी आणि यज्ञेश्वर. यज्ञेश्वरनं नागपूरहून दोनदा नाटक आणलं, म्हणून त्याची कॉलर टाईट. शामराव म्हणाले, रामकृष्ण, आता रायपूर राजधानी आहे, राजधानीले शोभेल असा कार्यक्रम कर, हॉल भरून दाखव, मग पाहू.

"मग पाहू" म्हणजे पक्कंच.

इथं खरं लिहायले हरकत नाही. इतकी वर्षं मंडळात सतरंज्या मीच घातल्या, माइक मीच तपासला, हॅलो हॅलो म्हणून खाली मीच उतरलो. पत्रिकेत माझं नाव सगळ्यात खाली, "आणि सहकारी" च्या जरासं वर. कार्यवाह स्टेजवर बसते. अध्यक्षाच्या बाजूले, पाण्याच्या ग्लासासमोर. मले एकदा तिथं बसायचं आहे. बस, दुसरं काही नाही.

५ ऑगस्ट.
निमंत्रणं टाईप केली. "Respected Champion Sir" पासून सुरुवात. जर्मनचं पक्कं झालंच आहे. मोटरसायकलवर इटलीचं पोट्टं जिंकणार, हे मी मार्चपासून सांगून राहिलो, म्हणून त्यालेही लिहून टाकलं. रॅली आणि अमेरिकेच्या दोन सिरीजचं अजून ठरलं नाही, तिथं "जो कोणी जिंकेल त्यास" असं लिहून ठेवलं. दूरदृष्टी म्हणतात याले.

अनुश्रीची आई मंदाकिनी विचारते, पाच जण झोपतील कुठं? दोन दिवाणावर, दोन अनुश्रीच्या खोलीत, रॅलीवाला गच्चीवर. रॅलीवाल्यांना धुळीची सवय असते.

पोस्टात मंदाकिनीच्या स्कूटीवर मागं बसून गेलो. मी स्वतः गाडी चालवत नाही. ज्याले लाईन आणि ब्रेकिंग समजते त्यानं या शहरात चालवूच नये, जीव जळते. जयस्तंभ चौकाच्या आधी तिनं वळण फार रुंद घेतलं. मागून मार्गदर्शन केलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा केलं. तिसऱ्या वळणाच्या आधी तिनं मले उतरवून दिलं.

पायी चालणं तब्येतीले चांगलंच.

१३ सप्टेंबर.
गणपतीत आरतीनंतर माइकवरून घोषणा केली. टाळ्या पडल्या. काही जण प्रसादासाठी वाजवून राहिले होते, तरी पडल्या. यज्ञेश्वर हसला. म्हणते, भाऊ, ते येतील तेव्हा मले त्यांच्या शेजारी बसव, फोटो काढतो. जळून राहिला.

२३ सप्टेंबर.
इटलीचं पोट्टं जिंकलं! पेपरात कोपऱ्यात दोन ओळी. मार्चमध्ये मी पाचही सिरीजचे विजेते वर्तवले होते. आतापर्यंत दोनपैकी दोन बरोबर. मंदाकिनी म्हणते, हे दोघं जिंकणार हे तर केबलवाल्यालेही माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि वर्तवणं वेगळं.

८ ऑक्टोबर.
परवाच्या एकाच रविवारी दोन निकाल! रॅलीत फिनलंडवाला, अमेरिकेच्या एका सिरीजमध्ये ब्राझीलवाला. आपल्या पेपरात एक अक्षर नाही. अनुश्रीनं सायबर कॅफेत जाऊन पाहिलं. मी दोन्ही ठिकाणी दुसरी नावं सांगतली होती. त्यात माझी चूक नाही, माहिती उशिरा पोहोचते.

२१ ऑक्टोबर.
जर्मनचं पत्र परत आलं. पत्ता अपुरा. पाकिटावर तिकडचा शिक्का आहे, म्हणजे जर्मनीपर्यंत गेलं होतं. फक्त घर सापडलं नाही. पहिल्या प्रयत्नाले हे फार झालं. बाकीची पत्रं परत आली नाहीत, म्हणजे पोहोचली.

१९ नोव्हेंबर.
अमेरिकेच्या दुसऱ्या सिरीजचाही निकाल लागला, तिथलाच माणूस जिंकला. पाच पूर्ण!

शामराव विचारून राहिले होते, किती जण येतात? म्हणलं, पाचही असतील. खोटं बोललो नाही. असतील, फोटोरूपानं. मोठ्या सत्कारांत असं चालते. माणूस कामात असला की त्याच्या वतीनं फोटो सत्कार घेते. कार्यक्रम एक डिसेंबरले. प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या खात्याचे उपसचिव साहेब मिळाले. त्यांच्या पीएले फक्त "वाहनचालकांचा कार्यक्रम" इतकंच सांगतलं. साहेबांना तपशील आवडत नाहीत.

२४ नोव्हेंबर.
सायबर कॅफेतून फोटो काढले. रंगीत शाई संपली होती, ब्लॅक अँड व्हाईट काढले. भारदस्त दिसतात. आणखी एक सुपरबाईकवाला घ्यायचा होता, त्याचं अर्धं तोंड उतरलं आणि लाईट गेली. त्याचा पुढच्या वर्षी विचार करू.

फ्रेम करायले ब्राह्मणपाऱ्यात शंकरकडे गेलो. त्यानं एकेक फोटो हातात घेऊन फार वेळ पाहिला. विचारलं, भैया, नीचे साल लिखना है क्या? म्हणलं, हव, २००२ लिही, पाचहीच्या खाली. म्हणे, पाँचों इसी साल? म्हणलं, सगळे याच वर्षी, हीच तर कमाल आहे. त्यानं काम थांबवून मले चहा पाजला. निघताना खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, हिम्मत रखना भैया. साध्या माणसांत खेळाची इतकी कदर असेल असं वाटलं नव्हतं.

२९ नोव्हेंबर.
घरी वाद. हारांची ऑर्डर दिली हे ऐकून मंदाकिनी भडकली. जित्या माणसाच्या फोटोले हार काहून घालून राहिले, म्हणते, अभद्र दिसते ते. तिले समजावलं की हाराशिवाय सत्कार होत नाही, आणि माणूस हजर नसला तर हार घालायचा कुठं? फोटोलेच ना. ती म्हणाली, करा काय करायचं ते. तिले मोटरस्पोर्टमधलं काही समजत नाही.

बॅनरवाल्यानं "जगज्जेत्या चालकांचा भव्य सत्कार" इतकं लांब मावत नाही म्हणून कटकट केली. शेवटी "पाच महान चालकांना मानाचा मुजरा" यावर मिटलं. अर्थ तोच.

१ डिसेंबर, दुपारी.
तयारी जबरदस्त! मंडळाचं लाल कापड कोणाच्या लग्नात गेलं आहे, म्हणून टेबलावर पांढऱ्या चादरी घातल्या. स्वच्छ वाटते. त्यावर पाच फोटो, प्रत्येकाले झेंडूचा हार, समोर एकेक नारळ. समई लावली. हॉलमध्ये मच्छर फार, म्हणून उदबत्तीचे दोन पुडे. पेढे आणले. पाच मिनिटांचं भाषण पाठ आहे.

आज ठरवलं, स्टेजवर बसलो की पाय हलवायचा नाही.

२ डिसेंबर. ऑफिसले सुट्टी टाकली.
हॉल भरला. आधी ते लिहितो, कारण तेच महत्त्वाचं. यज्ञेश्वरच्या दोन्ही नाटकांची मिळून जितकी माणसं, त्यापेक्षा जास्त.

साडेपाचले सात जण होते. मग दारातून कोणीतरी डोकावलं, आणि कसं काय माहीत, गल्लीभर बातमी गेली. माणसं येतच राहिली. कोणी मोठ्यानं बोलून नाही राहिलं. चपला बाहेर काढून, एकेक जण फोटोंसमोर हात जोडून खाली बसून राहिला. बायका एका बाजूले. मंडळातल्या कलावतीबाईंनी पदर तोंडाले लावला. मले भरून आलं. वाटलं, आपल्या लोकांना रॅली इतकी समजते!

पेढे कोणी घेतले नाहीत. ताट पुढं केलं की माणसं मागं सरकून राहिली.

उपसचिव साहेब उशिरा, दुसऱ्या कार्यक्रमातून धावतपळत आले. स्टेजवर चढले, फोटो पाहिले, बूट काढले. माइक माझ्या हातातून घेतला. म्हणाले, एक ही साल में पाँच-पाँच चले गए, और ये वाला तो अभी बच्चा है. "ये वाला" म्हणजे इटलीचं पोट्टं, ते तिथं मजेत गाडी फिरवून राहिलं असेल. मग साहेब रस्ता सुरक्षेवर बोलले. हेल्मेट, दारू, घरी वाट पाहणारी मुलंबाळं. फार छान बोलले. शेवटी म्हणाले, दो मिनट का मौन.

सगळा हॉल उभा राहिला.

आता बोलायची वेळ होती. मी पुढं झालो. "साहेब, हे सगळे जिवंत आहेत," इतकंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. साहेबांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. माझा वार्षिक गोपनीय अहवाल याच साहेबांच्या सहीनं निघते. मी मान खाली घातली. भर हॉलसमोर साहेबांची चूक दाखवणं म्हणजे मंडळाचा अपमान.

अनुश्री तोंडावर हात दाबून, खांदे हलवत बाहेर पळाली. दोन बायका तिचं सांत्वन करायले मागं गेल्या.

आभार मले मानायचे होते. पाठ केलेलं भाषण कामाचं नव्हतं. म्हणलं, या पाच जणांविषयी काय बोलावं, शब्द अपुरे आहेत, त्यांच्या कुटुंबीयांना ईश्वर... आणि पुढं मी खरंच रडलो. लोकही रडले. असं प्रसंगावधान सगळ्यांना जमत नाही.

यज्ञेश्वर शेवटी जवळ आला. विचारलं, आपल्या नात्यातले होते काय? म्हणलं, नाही, बाहेरगावचे. म्हणाला, इथं यायच्या आधीच गेले, फार वाईट झालं भाऊ. त्याचे डोळे ओले होते. ज्या माणसानं माझी थट्टा केली, त्याले मी रडवलं. आणखी काय पाहिजे?

घरी पाचही फोटोंचे हार मंदाकिनीनं स्वतः काढून टाकले आणि देवासमोर पाच वेळा हात जोडले.

३ डिसेंबर.
हिंदी पेपरात बातमी आली. राजधानी में पाँच चालकों को भावभीनी श्रद्धांजलि. माझं नाव आयोजक म्हणून, स्पेलिंग बरोबर. मंदाकिनीले भीती की त्या लोकांनी वाचलं तर? हा पेपर भनपुरीच्या पुढं जात नाही, फिनलंडमध्ये कुठून जाते!

आता कार्यवाहपद फक्त औपचारिकता आहे. सफारी सूट इस्त्रीले दिला.

९ डिसेंबर.
काल निवडणूक झाली. इस्त्री केलेल्या सफारीत पहिल्या रांगेत बसलो. शामरावांनी सुरुवातीलेच माझं नाव काढलं. मंडळाच्या इतिहासात हॉल इतका कधी भरला नव्हता, इतकी शांतता कधी नव्हती, म्हणाले. टाळ्या. मी उठून नमस्कार केला, आणि बसलो नाही, म्हणलं आता वर बोलावतीलच.

कार्यवाह यज्ञेश्वर. एकमतानं.

मग शामराव म्हणाले, नाटकं काय, कोणीही आणते. पण दुःखाच्या प्रसंगी माणसं सांभाळणं रामकृष्णालेच जमते, तेव्हा त्यांच्यासाठी आपण खास नवीन पद काढून राहिलो, शोकसभा प्रमुख. पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा जास्त. कलावतीबाई म्हणाल्या, आमचे यजमान बाबाराव फार थकले आहेत, तुम्ही असले की आम्हाला काळजी नाही. बाबाराव दुसऱ्या रांगेत बसून होते. त्यांनीही मान डोलावली.

विचार केला तर हे पद कार्यवाहापेक्षा मोठं आहे. कार्यवाह दर तीन वर्षांनी बदलते. याले मुदतच नाही.

११ डिसेंबर.
एक गोष्ट राहून गेली होती म्हणून शामरावांना फोन केला. विचारलं, शोकसभेत प्रमुखानं स्टेजवर कुठं बसायचं, अध्यक्षाच्या उजवीकडं की डावीकडं? म्हणाले, अहो, शोकसभेत स्टेजवर कोणीच बसत नाही, फोटो असते. प्रमुख दाराजवळ उभा राहते, चपलांपाशी.