पडद्यावरच्या अर्जुनाची दृष्ट

इस्लामपूर, ता. ९ मार्च १९४४

ति. नाथाजीमामांच्या चरणी भाऊसोचा दंडवत. इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा आणि मामींचा राग हल्ली कसा आहे ते कळवावे. (गुडघ्याचे आधी कळवले तरी चालेल.)

मामा, खेळाआधी दाखवतात ती दहा मिनिटांची सरकारी फिल्म, लोकांना पान खाऊन सावकाश आत येता यावे एवढ्यासाठीच असते, असे तुमचे मत. माझेही तेच होते. पण धाकट्या अर्जुनाची पलटण आघाडीवर गेल्यापासून पाच महिने त्याचे पत्र नव्हते आणि आईचे जेवण निम्म्यावर आले होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिचा जीव रमावा म्हणून शनिवारी तिला सांगलीला देवाचा बोलपट दाखवायला नेले. जागा मिळावी म्हणून लवकर गेलो, त्यामुळे फिल्म बघणे नशिबी आले. तीत आपले शिपाई रांगेने जेवायला बसले होते. एकाने मान वळवून हसून पाहिले आणि आई उभीच राहिली. "आरं, आर्जुना हाय त्यो! किती वाळलंय माझं लेकरू!" मीही पाहिले. अर्जुनाच. (डोळ्यांत पाणी असताना तरी अर्जुनाच.) पुढे तीन तास पडद्यावर देव आले नि गेले, आईने ढुंकूनही पाहिले नाही. घरी येऊन पोटभर जेवली.

रविवारी पुन्हा सांगली. या खेपेला तिच्या ओच्यात मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या. "रोज एवढी माणसं टक लावून बघत्यात, दृष्ट न्हाई व्हय लागायची?" शिपाई हसताक्षणी ती पडद्यापुढे जाऊन ओवाळू लागली. हाताची सावली सगळ्या रांगेवरून फिरली. (काढायची एकाची, निघाली अख्ख्या पलटणीची.) तेवढ्यावर भागले असते, पण मग तिने ते सगळे दाराजवळच्या चहावाल्याच्या शेगडीत टाकले आणि वारा नेमका आत येणारा. सगळे थिएटर खोकत बाहेर आले. मॅनेजर डोळे पुसत माझे नाव विचारत होता. (घाबरून मी तुमचे सांगितले.) आई मात्र खूश. "समद्यांस्नी ठसका लागला, म्हंजी दृष्ट न्हवतीच!"

ती फिल्म काढण्यात सरकारचा हेतू काय होता देव जाणे. आमच्या घरात मात्र तिने माणूस जेवते केले.

तुमचा भाचा,
भाऊसो

ता. क. काल अर्जुनाचे पत्र आले! उजवा हात मोडून तो इतके दिवस जबलपूरच्या इस्पितळात होता. आता बरा आहे. मामा, पत्र वाचून मी अंगणातच पोरासारखा रडलो. फिल्म तर गेल्याच महिन्यात आघाडीवर काढलेली, म्हणजे पडद्यावरचा तो दुसराच कोणी.

आणखी ता. क. आईला हे सांगितल्यावर ती हसेल असे वाटले होते. पण ती म्हणाली, "मग त्यो पडद्यावर दिसतोय, ह्ये त्या पोराच्या आईला कुणी सांगितलं आसंल रं?" फिल्म पुढच्या शुक्रवारपासून तुमच्या साताऱ्यात लागते आहे. आईला घेऊन मी येतोच. तुमच्या आळीत ज्या बायांना लेकाचे पत्र आलेले नाही, त्यांना तुम्ही खेळाआधी नेऊन बसवा. आणि कुणी उभी राहिली, तर तिला खाली बस म्हणू नका.