पाणी न मारलेला तुकडा

मंगळवार, संध्याकाळ

चंदनसारच्या सोसायटीच्या गच्चीवर दुरुस्तीच्या नव्या थराचा नमुन्याचा तुकडा करून आठवडा झाला. सोसायटीचे सेक्रेटरी राऊतकाका रोज पाइप घेऊन हजर. "मिस्त्री, पाणी मारल्याशिवाय सिमेंट धरतं होय?" साधं नाही धरत. पण माझ्या मालात पॉलिमरचं दूध आहे, पांढरा चिकट द्रव. एक दिवस ओल, मग सुकवायचंच, तरच त्याचा आत चिकट पापुद्रा बनतो. हातानं शिकलोय मी. रोज पाइप मीच बंद केला. जरा जास्तच तोऱ्यात का? असेल.

आज घाव घालून बघताना जुन्या काँक्रीटशी जोड सुटला असता तर अख्ख्या गच्चीचं काम गेलं असतं. छिन्नी काकांच्याच हातात दिली. "घाला घाव." जोड नाही सुटला, खालचं जुनं काँक्रीटच तुटून माझ्या मालाला चिकटून आलं, म्हणजे जोड त्याहून पक्का. काकांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"बाकीची गच्ची कधी घेताय?"