चटणी आणि नर्मदाचा फॉर्म

१२ मे १९५८, सोमवार

ताजी चटणी! शिळी म्हणे ह्यांच्या घशाखाली उतरत नाही. आगबोटीवर वीस वर्षं खलाशी होते, तेव्हा कोण वाटून देत होतं? मिळेल ते गिळलंच ना. कायमचे घरी आले नि जीभ फुटली. रोज दहाच्या पेजेबरोबर ओल्या खोबऱ्याची, लाल मिरची नि कैरी घालून — तीही ताट वाढताना पाट्यावरून उतरलेली हवी.

माझा उजवा खांदा दिवाळीपासून गेला. वैद्य म्हणाले, वरवंटा धरलात तर हात पुन्हा वर उचलला जाणार नाही. तेव्हापासून लेक नर्मदा वाटते. आता ती सातवीची फायनल पास झाली. रत्नागिरीला मास्तरीण व्हायच्या वर्गात जायचं म्हणते. फॉर्म आलाय. बापाची सही पाहिजे. तर आज ह्यांनी काय म्हणावं?

"चेडू गेला तर पाट्यार कोण बसतला?"

एकुलती एक पोर चटणीसाठी अडली. लिहितानासुद्धा लाज वाटते.

१३ मे

सही नाही. मला दुसरीतून उठवलं ते भाऊ सांभाळायला. तो निदान जिवंत माणूस तरी होता.

१५ मे

शेजारी हौसाबाईकडे गेले. ती महिन्यातून दोनदाच वाटते. खोबरं कोरडं भाजायचं, कैरीच्या जागी आमसूल, आणि बरणी भरायची. सकाळी वर पाण्याचा हबका. झाली चटणी.

"पंधरा दिस रवता," म्हणाली.

"घोवाक कळणा नाय?"

"तेका माजा नाव तरी आठवता काय, ता बघ आदी."

पदराखाली तिची बरणी घेऊन आले. खाऊन बघितली. खोटं कशाला लिहू, ताजीची सर नाही. ताजीत खोबऱ्याचा गोडवा वेगळा कळतो, कैरी वेगळी कळते. हिच्यात सगळं एक. पण वाईट नाही. नि त्या तेवढ्या सरीसाठी रोजचा अर्धा तास, वर पोरीचा जन्म? एवढं काही सोनं लागलेलं नाही पाट्याला.

१७ मे, शनिवार

नर्मदाला धुणं देऊन विहिरीवर धाडलं. मी मागच्या पडवीत बसून डाव्या हाताने रिकाम्या पाट्यावर वरवंटा ओढला. हे पुढे खळ्यात सुंभ वळत होते, आवाज तिथवर जातो. मग बरणीतली वाढली.

बोटाने पुसून खाल्ली. "आज बरी झाली," म्हणाले.

मी तोंडात पदर कोंबला.

२१ मे

रोज रिकामा पाटा. रोज "बरी झाली." नर्मदा म्हणते, "आये, पाप लागतला." म्हटलं, लागूंदे, तू फॉर्म सांभाळ.

२४ मे, शनिवार

आज पेज संपल्यावर बरणी पुढ्यात ठेवली. म्हटलं, "आठ दिस हीच खातास. पाट्यार कोणी बसाक नको. आता करा सही."

दात कोरत बसले. मग म्हणाले, "माका पयल्याच दिसाक कळला."

"काय कळला?"

"वाटप बारीक होत जाता तसो आवाज उतरता गो. तुझो पयल्यापासून शेवटाक एकच. दगडार दगड."

तीस वर्षं पाट्यावर बसले मी, नि हे माझ्या ध्यानात आलं नाही.

"मग गप कित्याक खाल्लात?"

"बरी लागली."

नि उठून हात धुवायला गेले. फॉर्मकडे बघितलंसुद्धा नाही.

२५ मे

म्हणजे चटणीचं नुसतं नाव होतं.

आज पेजेबरोबर काहीच वाढलं नाही. ताटाला लागून फॉर्म ठेवला. म्हटलं, बुधवारी मालवणाहून टपाल निघेल ते फॉर्मसाठी शेवटचं. "चेडवाक कित्याक अडवतास, ता बुधवारी पेजेच्या आदी माका सांगा. चटणी सोडून सांगा."