जखमी ठेवील ते नाव

ता. ४ मार्च

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या आईचे पत्र मिळाले. दादाने भर वखारीत तुझ्या हातावर पहार घातली आणि डावा अंगठा वाचवता आला नाही, हे वाचून लगेच लिहायला बसलो आहे. उजवा हात शाबूत आहे, तेव्हा उत्तर तुझ्याच अक्षरात येऊ दे. तुझे ते कलते अक्षर पाहिले की माझ्या जिवात जीव येईल.

तुझे मन रमावे म्हणून आपल्या वंशवृक्षाची प्रस्तावना कशी जमत आली आहे ते सांगतो. काही चुकत असेल तर खुशाल कान पकड. निवृत्त मास्तराचा कान पकडण्याची संधी पुन्हा येणार नाही. परवा शेजारचे डॉक्टर आले होते. वरच्या फांदीपासून नावे वाचत ते खाली उतरले आणि अत्यंत सहानुभूतीने म्हणाले की तुमच्या घराण्यात अपंगत्व फार दिसते. मी पोट धरून हसलो. आपला 'बहिरा' लाकडाच्या ढिगातला उंदीर ऐकत असे. 'लंगडा' शर्यतीत कोणाला हरला नाही. 'बोळकी' पणजीने मरेपर्यंत दातांनी अक्रोड फोडले!

डॉक्टर वाचण्याची दिशा चुकले. इतर घरांत टोपणनाव हे ते वागवणाऱ्याचे व्यंग सांगते. आपल्या घरात त्याने दुसऱ्याचे काय केले, ते सांगते. बहिऱ्याने सख्ख्या भावाच्या कानशिलात घणाचा दांडा घातला होता. लंगड्याने मेहुण्याचा गुडघा फोडला. बोळकीने दिराचे पुढचे दात बत्त्याने पाडले, आणि तो रक्त थुंकत थुंकत तिला नाव ठेवायला उभा राहिला. नियम तुला ठाऊक आहेच, पण परक्यासाठी मी तो असा मांडला आहे: घरातल्या घरात रक्त सांडले तर उलट वार करायचा नाही. जखमेची पट्टी सुटेल त्या दिवशी जखमी माणसाने वखारीत सर्वांसमोर मारणाऱ्याला नाव ठेवायचे. ते नाव मारणाऱ्याने मरेपर्यंत वागवायचे. जन्मनाव खोडले जाते. तोपर्यंत त्याला नावच नसते, शिट्टी वाजवून बोलवायचे. आणि जखमीने नाव ठेवलेच नाही, तर त्याच्या बाजूचे लोक वारास वार करायला मोकळे. केवढी बुद्धिमान व्यवस्था आहे पाहा: शिक्षा एकदाच सांगितली जाते आणि हाकेसरशी भोगावी लागते.

आता माझा सल्ला. तिसऱ्या फांदीवर 'साखर' हे नाव आहे. माझे चुलत आजोबा. त्यांनी बायकोच्या खांद्याचे हाड मोडले, तेव्हा त्या माउलीने सर्वांसमोर त्यांचे नाव साखर ठेवले. आणि काय आश्चर्य! त्यानंतर त्या घरातून आरडाओरडा म्हणून कोणी ऐकला नाही. माणूस नावाला जागतो, हा माझा सिद्धांत यावरून सिद्ध होतो. तेव्हा दादाला काही गोड नाव ठेवता आले तर पाहा.

हाताला पाणी लागू देऊ नकोस. पत्राची वाट पाहतो. माया आहे तशीच आहे, फक्त काळजीने वजनदार झाली आहे.

तुझा,
मास्तरकाका


ता. ११ मार्च

ती. मास्तरकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर कलतंच आहे, म्हणजे मीच लिहितेय. कागद धरायला डावा हात चालत नाही म्हणून त्यावर वजनाला लोखंडी पाचर ठेवली आहे. प्रस्तावना छान झालीय. बोळकी पणजीपाशी मी हसले आणि टाके ओढले गेले, त्याचं पाप तुमच्या माथी.

आईनं काय लिहिलं ते मला माहीत नाही, म्हणून झालं ते सांगते. दादानं करवतीवर ओंडका चढवला होता आणि त्यात खिळा होता. मला तो दिसला, मी यंत्र बंद केलं. पातं तुटून कोणाच्या तरी गळ्यात घुसलं असतं. माझी चूक एवढीच की मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, डोळ्यांच्या जागी तुझ्या लाकडाच्या गाठी आहेत का. माणसं हसली. हसू थांबायच्या आत पहार माझ्या हातावर होती. अंगठा भुशात पडला आणि त्याला भुसा चिकटला, तो मला आमच्याच लाकडाचा तुकडा वाटला.

आता नावाचं. आई म्हणते 'उतावळ्या' ठेव आणि मिटव. तुझा अंगठा गेला तो गेला, आता त्याचं नाक कशाला कापतेस. दादा शिट्टीला ओ देतो, पण मान वर करून. मजुरांना त्यानं सांगून टाकलंय की नाव 'राजा' ठरलंय, ताईनं फक्त तोंड हलवायचंय. करवतीवरचे मिस्त्री तेवढे म्हणाले, काय गेलं तेच नाव ठेव, 'अंगठा' म्हण. हे दादाच्या कानावर गेलं. मिस्त्रींचा डावा डोळा अजून उघडत नाही. मिस्त्री घरचे नाहीत, त्यामुळे त्यांना नाव ठेवायचा हक्क नाही, नुसतं तोंड सुजवून घ्यायचा आहे. हे तुमच्या बुद्धिमान व्यवस्थेत लिहा.

आणि काल माझा उजव्या हाताचा हातमोजा सापडला. करवतीच्या वरच्या तुळईवर ठोकलेला होता, एकेका बोटात एकेक खिळा. मिस्त्री काढायला शिडी आणत होते, मी नको म्हटलं.

काका, लहानपणी ओंडक्यांच्या राशीवर मी सरसर चढायचे तेव्हा मला खारूताई म्हणणारा पहिला तोच. खाली हात पसरून उभा राहायचा, मी पडले तर झेलायला. रविवारी पट्टी सुटेल. तुमचा सल्ला मला पटला की भीती पटली, हे कळत नाही, पण मी 'साखर' म्हणणार आहे. माणूस नावाला जागतो असं तुम्ही म्हणता. जागू दे बापडा.

वडीलपणी सांभाळून घ्या.

आपली,
खारूताई


ता. १६ मार्च

चि. खारूताईस,
आशीर्वाद.

हे पत्र टपालात न टाकता तुमच्याकडे लाकूड आणायला निघालेल्या ट्रकवाल्याच्या हाती देत आहे. रविवार हुकला असेल तर मी स्वतःला माफ करणार नाही. तुझे पत्र आल्यावर, सिद्धांताला एक साक्ष जोडावी म्हणून, मी थोरल्या आत्यांकडे गेलो. साखर आजोबांचा संसार प्रत्यक्ष पाहिलेले आपल्या घरात आता तेवढे एकच माणूस उरले आहे. मी माझा सिद्धांत त्यांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले की मास्तर, शाळेत मुलांना तू हेच शिकवत होतास का रे.

मग त्यांनी सांगितले. त्या घरात आरडाओरडा होत नव्हता, कारण ओरडणारी उरली नव्हती. नाव ठेवल्यानंतरच्या उन्हाळ्यात आत्यांना त्यांच्या आईने त्या घरी चाळण मागायला धाडले होते. पोर होत्या. आजोबा पायरीवर बसून कुऱ्हाड धूत होते. त्यांनी हात पुसले, लाडाने जवळ बोलावले आणि काकू झोपली आहे, चाळण उद्या ने, म्हणून सांगितले. त्यांच्या मागे दार उघडेच होते. काकू उंबऱ्यावर पडलेली होती आणि तिचे डोके तिच्या अंगाशी जुळत नव्हते. पुढे नवे नाव कोण ठेवणार? ठेवण्याचा हक्क जिचा, तीच गेली. मेलेल्या माणसाची सोय आपल्या नियमात नाही, आणि वारास वार करायला तिच्या बाजूचे कोणी नव्हते. म्हणून ते मरेपर्यंत साखरच राहिले आणि पोरे साखरआजोबा म्हणत त्यांच्या अंगाखांद्यावर खेळली.

मीही खेळलो आहे, खारूताई.

डॉक्टरांना हसलो, पण वाचण्याची दिशा मीच चुकलो. कडू नाव मारणाऱ्याने काय केले ते सांगते. गोड नाव, ते ठेवणाऱ्याला किती भीती वाटत होती, ते सांगते. तो हातमोजा तुझ्याकडून गोड नाव वदवून घ्यायलाच ठोकला होता. साखर म्हणू नकोस. अंगठा म्हण आणि लगेच ट्रकवाल्याबरोबर माझ्याकडे निघून ये. माझी खोली लहान आहे, पण तिला आतून कडी आहे.

तुझाच,
मास्तरकाका


ता. ९ मे

ती. मास्तरकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुम्ही धाडलेल्या निरोपांना उत्तर म्हणून मी मुद्दाम 'बरी आहे' एवढंच कळवत होते. आता सगळं क्रमानं सांगते, तुम्हाला आवडतं तसं.

ट्रकवाला आला तेव्हा रविवार होऊन गेला होता. साखर सगळ्यांच्या तोंडी रुळली होती. मजूर दादाला विचारायचे, साखर महाग झाली का, आणि तो टाळी द्यायचा. तुमचं पत्र मी भुशाच्या ढिगाआड उभी राहून वाचलं, घडी करून पोलक्यात ठेवलं आणि कामाला लागले. तुमच्याकडे यायचं मनात आलं होतं. पण त्याआधीच त्यानं मागून येऊन माझा उजवा हात मनगटात धरला. करवत चालू होती. त्यानं हात फळीवर आडवा ठेवला आणि हळूहळू पुढे सरकवत हसत हसत विचारलं, डाव्याला एकट्याला करमत नसेल ना गं. मग माणसं बघताहेत का ते पाहायला त्यानं मान वळवली, आणि पकड जरा ढिली झाली.

पहार तिथंच टेकवलेली होती. तीच. पहिला घाव गुडघ्यावर बसला. ओली फांदी मोडते तसा आवाज आला. तो खाली पडल्यावर मी दुसरा घातला, काका, तोही गुडघ्यावरच. तिसरा डोक्यावर घालणार होते. मिस्त्रींनी मागून कवळ घातली. त्यांनी धरलं नसतं तर मला नाव ठेवायला माणूसच उरला नसता.

मग पाळी माझी. पट्टी त्याला, शिट्टी मला. आई त्याच्या उशाशी बसून तेच म्हणाली: तुझा पाय गेला तो गेला, आता तिचं नाक कशाला कापतोस. बाई न्यायी आहे, दोघांना एकच माप लावते. मी मनाची तयारी केली होती. 'लंगडी' म्हणेल. पूर्वी एक लंगडा होताच, जोडीला एक होईल. मला ते नाव हवंच होतं. खरं होतं ते.

आठवड्यापूर्वी पट्टी सुटली. तो कुबडीवर आला. सगळे गोल करून उभे होते. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. त्या हातात काही नव्हतं. त्याच्या ओठावर घाम आला होता. मग तो म्हणाला, हिचं नाव मध.

माणसं खूश झाली. आईनं डोळे पुसले आणि बहीणभावाचं एकदाचं जुळलं म्हणाली. त्या नावातली भीती फक्त मला ऐकू आली, कारण ती ऐकायला तुम्ही शिकवलं होतं.

आता मला 'मध' म्हणून हाक आली की तो सरकून वाट देतो. हातमोजा त्यानं स्वतः शिडीवर चढून काढला, त्या पायानं, आणि धुऊन माझ्या पुढ्यात ठेवला. मी सांगितलं नव्हतं. नुसतं वर पाहिलं होतं.

वंशवृक्षात लिहा: साखर आणि त्याशेजारी मध. खाली काही खुलासा नको. पण थोरल्या आत्यांकडे जाल तेव्हा एक विचारू नका. साखरआजोबांना त्या नावानं हाक आली की आतून कसं वाटत असेल, हे मी आधी विचारणार होते. आता विचारायची गरज उरली नाही. बरं वाटतं, काका. फार बरं वाटतं.

म्हणून तुम्हीच इकडे राहायला या, लवकर या. पहार मी मिस्त्रींकडे कुलपात दिली आहे, पण किल्ली त्यांना माझ्याकडून मागून घ्यावी लागली. लोभ असू द्या, आणि माझ्यावर नजरही असू द्या.

आपली पुतणी,
मध