कपाटातली एकशे बारा पासबुकं

सोनपेठ, मंगळवार

तीर्थस्वरूप रायभान भाऊजींना बन्सीधरचा दंडवत. येलदरीच्या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? अक्का आणि लेकरं मजेत असतील असं धरून चालतो. इकडं सगळे ठीक आहेत, मी सोडून. फोनवर हे बोलवेना म्हणून लिहायला बसलो.

झालं असं, की आमच्या पतसंस्थेची सरकारी तपासणी झाली. (सोळा वर्षं मी तिथला व्यवस्थापक, हे तुम्हाला ठाऊकच आहे.) त्याआधी शेजारच्या मोठ्या बँकेची झाली होती. तिथल्या कारकुनाला चहा पाजून मी सगळे प्रश्न उतरवून आणले. पासवर्ड किती दिवसांनी बदलता, कॅमेरा चालतो का, आग विझवायची टाकी कुठं. महिनाभर पाठांतर केलं. टाकी विकत आणली. पासवर्ड तर इतक्यांदा बदलला की शेवटी मलाच आठवेना (संगणक दोन दिवस बंद होता).

तपासणी अधिकारी राजनंदिनी मॅडम आल्या. त्यांनी टाकीकडं बघितलंसुद्धा नाही. मी आपणहून पासवर्डचं सांगू लागलो तर म्हणाल्या, "ते बँकेचे प्रश्न. तिथं सगळा कारभार संगणकावर, म्हणून धोकाही तिथंच. सोनंतारणवाल्यांकडं गेले की मी आधी तराजू बघते. तुमचे निम्मे सभासद मेंढरांमागं फिरतात. मला त्यांना भेटायचंय."

यादीवर बोट ठेवलं ते दगडाबाईच्या नावावर. माळावर गेलो. मॅडमनी विचारलं, "मावशी, तुमचं पासबुक?"

"ते बन्सीधरच्या कपाटात हाय. समद्यांचीच हायेत. पोरगं लय इमानदार, आमी कधी इचारलं बी न्हाई."

भाऊजी, माझी अशी तारीफ आजवर कुणी केली नव्हती, आणि ती ऐकताना मी मॅडमची नजर चुकवून मेंढरं मोजत होतो. कपाटात एकशे बारा पासबुकं. एका पैशाचा घोळ नाही, देवाशपथ. रानात भिजतील, हरवतील म्हणून ठेवून घेतली होती. (खरं तर दर वेळी नोंद करून द्यायचा कंटाळा.)

मॅडमनी मला मोटारसायकलवर परत पिटाळून दगडाबाईचं पासबुक आणवलं आणि शिल्लक वाचून दाखवली. बाई पासबुकाजवळ सरकली. मग म्हणाली, "परत वाचा की." परत वाचली.

"येवढं माजं हाय? आन मी गेल्या साली पैसं न्हाईत म्हून माज्या नातीला, वैष्णवीला, नर्सिंगला जाऊ नगं म्हन्ले."

ती माझ्याकडं बघतही नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मॅडमचा हुकूम झाला: पंधरा दिवसांत प्रत्येक पासबुक ज्याचं त्याच्या हातात, वाचून दाखवून, सही-अंगठा घेऊन. आठ दिवस फिरायलोय. पार राणीसावरगावापर्यंत गेलो. कुणी चहा पाजतं, कुणी दारातूनच घेतं. काल वैष्णवीचा यंदाचा अर्ज मी स्वतः भरून दिला. दगडाबाईनं पाणी विचारलं. मला तेवढं पुष्कळ झालं.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
बन्सीधर

ता. क. उरलेल्यांत एक पासबुक अक्काचं आहे. लग्नाआधीचं खातं, अजून चालू आहे, आणि चांगलं चालू आहे. तिच्याच हातात द्यायचं म्हणून रविवारी येतो. तेव्हा तुम्ही दुपारपर्यंत धरणाकडं फिरायला जावं, ही विनंती.

आणखी ता. क. या खात्याबद्दल तुमच्यापाशी तोंड उघडायचं नाही, अशी अक्कानं मला शपथ घातली आहे. ती मी पाळली आहे. फक्त लिहिलं आहे.