तीन रंग आणि विश्रांतवाडीचे स्थळ

५ मे, सोमवार

स्थळ आले. विश्रांतवाडीचे. मुलीचे नाव नम्रता, बालवाडीत शिकवते. माझ्या बायोडेटातल्या एका ओळीमुळे आले, असे ताई म्हणाली. ती ओळ : ‘छंद – लहान मुलांना घरी चित्रकला शिकवणे.’

ही ओळ खोटी म्हणता येणार नाही. ताईची दोन मुले घरात आहेत. चित्रकलेची वही घरात आहे. मीही याच घरात राहतो. फक्त तिघांची गाठ पडायची राहिली आहे.

आमच्या बिबवेवाडीच्या दुकानात लग्नपत्रिका आणि बायोडेटा छापतात. मजकूर तपासण्याचे काम माझे. प्रत्येकाचा छंद वाचन, प्रवास, संगीत. मला वेगळे काही हवे होते. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सुटला, त्यामुळे याआधीची दोन स्थळे ‘शिक्षण’ या ओळीवरच थांबली. ‘छंद’पर्यंत पोहोचलेले हे पहिलेच.

मंडळी अठराला, रविवारी येणार. मुलीने खास निरोप पाठवला आहे : मुलांनी काढलेली चित्रे बघायला आवडतील.

काळजीचे काही कारण नाही. रात्री जेवण गेले नाही, ते उन्हाळ्यामुळे.

६ मे, मंगळवार

दुकान एक ते चार बंद असते. तीच क्लासची वेळ. मुलांना सुट्टी, ताई आणि भाऊजी खराडीला ऑफिसात, काकू (ताईच्या सासूबाई) झोपलेल्या. वातावरण कलेला पोषक.

पोस्टर कलरच्या तीनच बाटल्या आणल्या. लाल, पिवळा, निळा. व्हिडिओत सांगतात की या तिघांतून सगळे रंग तयार होतात. म्हणजे जास्त बाटल्या आणणारे लोक अभ्यास करत नाहीत.

पुठ्ठ्यावर नियम लिहून फ्रिजला लावले. एका वेळी एकच रंग. ब्रश धुतल्याशिवाय दुसऱ्या रंगाला हात नाही. रेघेबाहेर जायचे नाही. शौनकने (वय सहा) सगळे मोठ्याने वाचले आणि विचारले, “मामा, मग मजा कितव्या नंबरला आहे?” मजा शेवटी असते, असे सांगितले. अवनीला (वय चार) वाचता येत नाही. तिने पुठ्ठ्याचा कोपरा चावून पाहिला.

काकू चष्मा लावून म्हणाल्या, “छान. एवढे नियम कॉलेजात पाळले असतेस, तर आज पुठ्ठा लिहायची वेळ आली नसती.”

त्यांचा स्वभाव असा आहे. मनाला लावून घेतले नाही. पुठ्ठा जरा वर सरकवला.

८ मे, गुरुवार

पहिला क्लास. यशस्वी.

खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून लाल आणि पिवळा एकत्र केला. नारिंगी झाला! मुले ओरडली. अवनी लगेच बोट घालायला निघाली. तिला समजावले की हा नमुना आहे, नमुन्याला हात लावायचा नसतो. तिने पिवळी बाटली हातावर ओतली. कोपरापर्यंत. तो हात मग माझ्या गळ्यात पडला, गालावर, कानात.

तेवढ्यात काकू उठल्या. मला आपादमस्तक पाहून म्हणाल्या, “दत्तप्रसाद, हळद लागली की रे तुला. आता फक्त मुलीचं बघायचं राहिलं.”

चारला दुकानात गेलो. कानात पिवळा होता. गिऱ्हाईकाने अभिनंदन केले. नाही म्हणणे बरे दिसले नसते.

चित्रे : शून्य. पण पाया पक्का झाला.

१२ मे, सोमवार

आज निळा. निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा, मग त्याची झाडे, असे ठरले होते. मी पट्टीने खोडाची उभी रेघ आखत होतो. वळून पाहतो तर मुलांनी तिन्ही रंग एका वाटीत ओतून ढवळलेले. वाटीत चॉकलेटी. तोही धड नाही, गोठ्याच्या बाजूचा.

मी वाटी धुतली, नव्याने तिन्ही रंग दिले, धडा पुन्हा समजावला. पुन्हा चॉकलेटी. शौनकचे म्हणणे, “सगळे एकत्र खेळले की हाच होतो, मामा.”

अवनी ब्रश धुतलेले निळे पाणी प्यायली. ताईला मीटिंगमध्ये फोन केला. ताई म्हणाली, बाटलीवर काय लिहिलंय ते वाच. वाचले. लहान मुलांसाठी सुरक्षित. स्पेलिंग तपासले, तेही बरोबर होते. मग धीर आला. अवनी रात्रीपर्यंत सोसायटीतल्या सगळ्यांना जीभ दाखवत हिंडली.

उद्यापासून पाण्याचा मग माझ्या हातात राहील. ब्रशही शक्यतो माझ्याच हातात ठेवीन.

१४ मे, बुधवार

आज मुले अजिबात भांडली नाहीत. शिस्त मुरायला लागली, असे वाटले. समाधानाने मोरीत ब्रश धूत बसलो. एकेक केस वेगळा करून.

बाहेर आलो तर दोघे बेडरूममध्ये. भिंतीवर. खिडकीशेजारची पूर्ण भिंत, त्यांचा हात पोहोचतो तिथपर्यंत आणि खुर्चीवरून आणखी वर. लाल, पिवळा, निळा आणि तो त्यांचा चॉकलेटी. गेल्या दिवाळीतच रंग दिलेली भिंत.

मी रागावलो नाही. ओल्या फडक्याने पुसायला घेतले. पुसल्याने सगळे आणखी एकत्र झाले. अवनी मन लावून माझ्याकडे बघत होती. मग माझ्या शेजारी बसून तिने बोटाने आणखी काहीतरी काढले.

शेवटी कपाट सरकवून भिंतीपुढे आणले. खिडकी अर्धी झाकली गेली. उन्हाळ्यात खोली थोडी अंधारी असलेली चांगली, असे ताईला सांगितले. ती इतकी दमली होती की नुसते ‘हं’ म्हणाली. काकूंनी मात्र विचारले, “खिडकीने काय घोडं मारलं होतं?”

१६ मे, शुक्रवार

परवा मंडळी येणार आणि घरात दाखवण्याजोगे एक चित्र नाही. वहीत नुसते चॉकलेटी डाग आहेत. शौनक म्हणतो ती म्हैस आहे. अवनीच्या मते तीच म्हैस, पण रुसलेली.

विचार केला. शिक्षक विद्यार्थ्याचा हात धरून अक्षर काढून घेतो, तेव्हा ते अक्षर विद्यार्थ्याचेच मानतात. मुले झोपली होती. त्यांच्या मनात जे असणार, ते मी कागदावर उतरवले. डोंगर, नदी, घर, नारळ. सूर्य कंपासने काढला, किरण कोनमापकाने. तीनच रंग, एकही थेंब रेघेबाहेर नाही. खाली ‘शौनक’ आणि ‘अवनी’ असे लिहिले. अक्षर मुद्दाम थोडे वाकडे काढले. फार जड गेले.

चित्रे हॉलमध्ये दोरीला चिमट्यांनी लावली. ताई म्हणाली, “ही यांनी काढली?” मी म्हणालो, माझ्या मार्गदर्शनाखाली. ती माझ्याकडे बघत राहिली. अभिमानाने असावे.

१८ मे, रविवार, सकाळी

शर्टाला इस्त्री केली. मुलांना समजावले : पाहुण्यांसमोर फक्त नमस्कार करायचा आणि चित्रांबद्दल विचारले तर हसायचे. दोघांनी हसून दाखवले. उत्तम तयारी.

१८ मे, रविवार, सायंकाळी

घडले ते नीट लिहून ठेवतो.

मंडळी आली. नम्रता, तिची आई, वडील हिंमतराव. पोहे झाले. हिंमतरावांनी ‘शिक्षण’ काढले नाही. नम्रता उठून चित्रांजवळ गेली. एका सूर्यापाशी थांबली. सूर्याच्या बरोबर मध्यावर कंपासच्या टोकाचे भोक होते. तिने त्यावर नख ठेवले आणि विचारले, “हे कोणी काढलं?”

शौनक हसला. ठरल्याप्रमाणे. अवनीही हसली, मग म्हणाली, “तो मामाचा सूर्य. आम्हाला हात लावायचा नाही. आमचा सूर्य कपाटाच्या मागे आहे.”

“दाखवतेस?” नम्रता म्हणाली.

मी म्हणालो, कपाट फार जड आहे. त्यावर हिंमतराव म्हणाले, “अहो, मी आहे ना.” त्यांनी आणि भाऊजींनी कपाट सरकवले. खिडकी मोकळी झाली आणि सगळे ऊन नेमके भिंतीवर. ताईने ओठ घट्ट मिटले. काकू म्हणाल्या, “हे होय! मला वाटलं, लाज वाटून कपाटच आडोशाला गेलं.”

नम्रता साडीसकट जमिनीवर बसली. अवनी एकेक दाखवत होती. ही आजी झोपलेली. ही आई गाडीवर. हा सूर्य, याला घाम आला. “आणि हा मामा,” खाली कोपऱ्यातल्या चॉकलेटी आकृतीवर तिने बोट ठेवले. आकृतीच्या हातात मोठे फडके होते. “मामा पुसतोय.”

नम्रता हसली. खूप वेळ. चांगले हसते. मुले तिच्या मांडीत जाऊन बसली होती, माझ्या मांडीत ती कधी बसलेली आठवत नाहीत.

मग आम्हा दोघांना बोलायला गॅलरीत पाठवले. तिने एकच प्रश्न विचारला, “रंगवताना तुमचे हात कधी भरले का हो?” मी प्रामाणिकपणे सांगितले, एकदाच, कानापर्यंत, पण लगेच धुतले. मग ब्रश कसा धुवावा ते सविस्तर सांगितले. तिने मध्ये एकदाही अडवले नाही. इतके लक्ष देऊन आजवर कुणी माझे ऐकले नव्हते.

एकूण होकार धरायला हरकत नाही. आमच्याच दुकानात पत्रिका छापू. मजकूर मी तपासेन.

२१ मे, बुधवार

निरोप आला. पत्रिका जुळत नाही.

त्यांनी माझी पत्रिका मागितली नव्हती. आम्हीही दिली नव्हती. न बघता ज्यांना कळते, ते लोक जाणकार असले पाहिजेत. ग्रहांपुढे कुणाचे चालणार? तसे काकूंना म्हणालो. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. वाटीत ताक दिले. हे जास्त लागले.

२३ मे, शुक्रवार

विश्रांतवाडीहून पार्सल. मला वाटले, ग्रह फिरले. शौनक आणि अवनीच्या नावाने होते. लाल, पिवळा, निळा, तिन्ही मोठ्या बाटल्या. सोबत ताईच्या फोनवर नम्रताचा मेसेज : ‘मुलांना माझ्याकडून. फक्त मामांना मध्ये येऊ देऊ नका.’

‘मामा’ म्हणाली. म्हणजे तिच्या डोक्यात मी मुलांचा मामाच.

ताईने भिंत तशीच ठेवायची ठरवली आहे. कपाट जुन्या जागी गेले.

२५ मे, रविवार

मुले भिंतीपाशी रंगवतात. मी दारात बसतो, मध्ये येत नाही. पाणी गढूळ झाले की बदलून देतो. त्यावर त्यांची हरकत नाही. आज अवनीने न विचारता माझ्या तळहातावर चॉकलेटी थापला. धुवायला उठलो होतो, पण तिला माझ्या हाताचा ठसा हवा होता. मोरीचा नळ दिसत होता, तरी थांबलो.

दुपारी नवीन बायोडेटा लिहायला घेतला. ताईच्या ओळखीत एक सासवडचे स्थळ आहे. सगळ्या ओळी झाल्या. छंदापाशी अडलो. या वेळी खरे तेच लिहायचे ठरवले आहे, पण खरे काय ते सुचेना. शौनकला विचारले, माझा छंद कोणता रे?

त्याने ब्रश न थांबवता सांगितले, “पुसणे.”

लिहिले. शुद्धलेखन तपासले. बरोबर आहे.