वाट मोकळी

ता. नेवासा
९ जुलै २०२५

चि. स्नेहल,

आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात करडं विकली. कपाशीची खुरपणी चालू आहे. तुझा खोकला थांबला का?

तू पाठवलेला नद्यांचा नकाशा शेजारच्या दिपालीनं मोबाईलवर मोठा करून दाखवला. एवढ्या नद्या-ओढे जोडलेत, तुटक्या रेघा सांधल्यात, दोनदा काढलेल्या पुसल्यात. मासे अंडी घालायला कुठपर्यंत चढू शकतात, ते आता कुणालाही दिसेल. मला अभिमान वाटला. मग दिपालीनं त्यात आपला बंधारा शोधून दाखवला. तिथं लिहिलंय, "पाणी अडवायच्या फळ्या जूनमध्ये काढल्या जातात. वाट मोकळी."

फळ्या निघत नाहीत हे सांगायला मी फोन केला, तर म्हणालीस, "आई, गावाचं सांगणं आणि कार्यालयाची माहिती जुळली नाही तर कार्यालयाची धरायची, असा नियम आहे. नकाशा स्वच्छ ठेवावा लागतो."

स्वच्छ!

काल किराणा दुकानात आबासाहेब भेटला. फळ्या काढायचा ठेका अजून त्याच्याकडंच आहे. चार माणसांत मोठ्यानं म्हणाला, "वैनी, आता तुमच्याच पोरीनं लिहिलंय, फळ्या निघत्यात म्हनून. मग कानिफभाऊ पान्यात गेलेच कशाला? मासं धरायलाच ना?"

तिथंच उभी असलेली रंगुबाई म्हणाली, "मेलेल्या मानसाच्या हातात गळ देतो व्हय रं, मुडद्या?"

मी सामान उचललं आणि घरी आले.

तुझ्या आप्पांना मासळीच्या वासानंच मळमळायचं. ते गेले त्या वर्षी जूनमध्ये एकही फळी निघाली नव्हती. पाणी तुंबून वस्तीत शिरायला लागलं म्हणून ते पहार घेऊन उतरले. पहिली फळी सुटली आणि पाण्याच्या ओढीनं ते वाहून गेले. काठावर तू होतीस. पंचनाम्यात 'मासे धरताना' लिहायला लागले, तेव्हा पोलिसाच्या हातातलं पेन तूच ओढलं होतंस. ते 'गावाचं सांगणं' होतं का गं?

यंदाही फळ्या जागच्या जागी आहेत. मासे येऊन आपटतात, खालीच राहतात, पोरं पाटीनं उपसून नेतात. तुझ्या नकाशात मात्र ते वर पोचले.

तिथं आडवी रेघ ओढ आणि लिही, बंद. साहेब विचारतील, कुणी पाहिलं? सांग, "मी पाहिलं."

ते जमत नसेल तर नकाशाखाली तुझं पूर्ण नाव आहे, त्यातलं मधलं नाव खोडून टाक. मी माझ्या नावातलं खोडणार नाही.

तुझी आई,
सत्यशीला कानिफनाथ